हिरवा दिवा आणि तानपुऱ्यातला गांधार

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक ३७ वर्षांचे आहेत. कोथरूडला राहतात, संवादिनी (पेटी) वाजवतात, संगीतात एम.ए. आहेत. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आठवड्याला ११ तास शिकवतात, शनिवार-रविवार घरी विशारदपर्यंतच्या मुलांचं शास्त्र घेतात आणि बोलावणं आलं की मैफलीला साथीला बसतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा त्यांनी मुलांसाठी स्वर ओळखण्याचे आणि ताल धरण्याचे छोटे छोटे अभ्यास संगणकावर तयार केले. त्यासाठी लागलं तेवढं प्रोग्रॅमिंगही रात्री जागून शिकले. आज शे-दीडशे मुलं ते अभ्यास वापरतात. बाणेरच्या एका शैक्षणिक सॉफ्टवेअर कंपनीने हे काम पाहून त्यांना पूर्ण वेळ नोकरी देऊ केली आहे. शाळकरी मुलांसाठी रागसंगीताचं अ‍ॅप काढायचं आणि त्याचा अभ्यासक्रम यांनी बांधायचा. पगार आजच्या एकूण कमाईच्या अडीचपट. वडील म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." गुरुजींना सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. पेटीचा भाता बंद केला आणि उठून आत गेले. पत्रलेखक विचारतात: ही नोकरी धरली तर मी वादक उरेन का? नाही धरली तर असं ओढाताणीत किती वर्षं काढायची? मुलं नुसती पाठ करून लिहितात, ते शास्त्र शिकवण्यात तरी काय अर्थ आहे? आणि शेवटी: "मी नक्की कोण आहे, हे मला चारचौघांत सांगता येत नाही."

---

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्या ओळीतून आलंय असं मला वाटतं. तुम्ही असं धरून चालला आहात की तुमच्यात तीन माणसं राहतात, एक वादक, एक मास्तर आणि एक संगणकवाला, आणि घर एकाचंच आहे, तेव्हा दोघांना बाहेर काढावं लागणार. वडिलांची म्हणही तेच सांगते. ती म्हण खोटी नाही. कशाचा कशाला पत्ता नसलेली दहा कामं अंगावर घेणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तुमच्या तिन्ही कामांकडे पुन्हा बघा. साथीला बसता तेव्हा समोरच्याची जागा कुठे जाणार ते कानांनी ओळखता. शास्त्र शिकवता तेव्हा मुलांचा कान तयार करता. रात्री जागून जे अभ्यास बनवलेत तेही कानाचेच आहेत. याला मी चिंध्या म्हणणार नाही.

आपल्याकडे हे काम नेहमी असंच झालं आहे. ज्या विशारदच्या परीक्षेला तुम्ही मुलं बसवता, तिचं मूळ विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शाळेत आहे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते पहिल्या प्रतीचे गायक होते, आणि तरीही वर्ग, इयत्ता, परीक्षा, पुस्तकं, स्वरलिपी आणि छापखाना या सगळ्यात त्यांनी हात घातला. त्या काळी छापखाना म्हणजे आजचं अ‍ॅपच. रागसंगीताचं शास्त्र मांडणारे विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या मोजमापाला सूर दिला तो किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी. तेच खाँसाहेब १९१३ साली आपल्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढतात. त्याआधी १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी इथेच भारत गायन समाज सुरू केला होता, पुढे १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून घेतली, ते शिक्षणाने डॉक्टर. यांच्यापैकी कुणालाही "तुम्ही गवई की मास्तर?" असं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

तुम्ही विष्णु दिगंबर आहात असं मी म्हणत नाही, तसं म्हणून तुमच्यावर ओझंही टाकायचं नाही. लाजण्यासारखं काही नाही, एवढंच सांगायचंय. पलुस्करांच्या गोष्टीचा दुसरा भागही सांगते. मुंबईच्या शाळेसाठी त्यांनी मोठं कर्ज काढलं आणि शेवटी ती इमारत त्या कर्जापायी गेली. पगाराचं बोलू तेव्हा याकडे परत येईन.

आता एक प्रसंग सांगते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आठवीतली एक मुलगी शिकायला यायची. घरी रियाजासाठी तिने फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं. सूर लावायचा, बरोबर लागला की हिरवा दिवा, चुकला की लाल. भूप रागातला गांधार, म्हणजे ग, लावताना ती फार सुरेख थांबायची. तीन आठवड्यांनी आली तेव्हा तिचा गांधार वर चढला होता. जेमतेम केसभर, पण तानपुऱ्यावर बोचत होता. मी विचारलं, तर म्हणाली, "आधीच्याला लाल येत होतं, ताई. मी मेहनत करून हिरवा केला."

मी तिला फोन ठेवून दे म्हटलं नाही. तानपुरा तिच्याकडे दिला आणि नुसती खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार छेडायला सांगितली. हळू, एकदा छेडून थांबायचं, तार विझेपर्यंत ऐकायचं. चौथ्या-पाचव्या वेळी तिचे डोळे मोठे झाले. "यात ग आहे!" हो, आहे. तार छेडली की मूळ सुराबरोबर जे स्वर आपोआप उमटतात, ते स्वयंभू स्वर. खर्जाच्या तारेच्या पाचव्या स्वयंभू स्वरात तो असतोच. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर तो गांधार षड्जापासून, म्हणजे सा पासून, ३८६ वर येतो. पेटीचा, म्हणजे बारा सारख्या पायऱ्या पाडलेला गांधार ४०० वर. मधलं अंतर १४ सेंटचं. पेटीवाल्याला हे मी काय सांगणार? नभोवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं तुमच्या वाद्याला बंदी होती, त्याच्या कारणांत हेही एक होतं. ती पोर बरोबर गात होती. अ‍ॅपने तिला चूक ठरवलं, आणि ती मेहनत करकरून बेसूर झाली.

ते अ‍ॅप करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. कुणीतरी प्रोग्रॅम लिहिताना पाश्चात्त्य बारा सुरांची आयती पट्टी उचलली. त्या खोलीत बसलेल्या कुणाच्याच कानाला तो गांधार खटकला नाही, कारण ऐकणारा कान तिथे नव्हता. आता सांगा, तिथे कोण बसायला हवं होतं?

म्हणून नोकरी घ्यावी का, यापेक्षा एक वेगळा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्या कंपनीत हिरवा दिवा कुठे लागायचा आणि कुठे लागायचाच नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल का? असेल, तर ही नोकरी म्हणजे पेटी सोडून जाणं होत नाही. नसेल, आणि तुम्हाला फक्त तयार साच्यात बंदिशी भरून द्यायच्या असतील, तर अडीचपट पगारातही तुम्ही वर्षभरात कोमेजाल. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा. हाच गांधाराचा प्रसंग त्यांना सांगा आणि विचारा, असं झालं तर शेवटचा शब्द कुणाचा? उत्तर देताना ते एकमेकांकडे बघतात का, त्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

हा अधिकार कशाकशात लागेल, ते थोडं खोलात सांगते. भूप आणि देशकार घ्या. स्वर तेच पाच. एकात वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, गांधार आहे, दुसऱ्यात धैवत (ध). मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच. मुलाने कोणते स्वर लावले हे यंत्र मोजेल. सूर किती स्थिर राहिला, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आली, झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन हातावर बरोबर पडले का, हेही ते माझ्यापेक्षा अचूक आणि न थकता सांगेल. संगणकाला राग ओळखायला शिकवण्याचं चांगलं संशोधनही चालू आहे. आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्याकडे, आणि बार्सिलोनाच्या विद्यापीठात २०११ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर गंभीर काम झालं आहे. ते जरूर वाचा. पण भूप म्हणता म्हणता मूल धैवतावर जरा जास्त रेंगाळलं, आणि तेवढ्याने वास देशकाराचा यायला लागला, हे सांगायची वेळ आणि पद्धत शिक्षकाची असते. आज सांगायचं की पुढच्या महिन्यात? शब्दाने सांगायचं की नुसतं गाऊन दाखवायचं? बारा वर्षांच्या मुलाला तिथे लाल दिवा दाखवला तर ते धैवतावर जायलाच घाबरेल. अशा ठिकाणी यंत्राने गप्प बसायला हवं. तसं लिहून ठेवणं हे अभ्यासक्रम बांधणाऱ्याचं काम, आणि ते तुम्हीच करू शकता.

बारीकसारीक गोष्टीही आहेत, ज्या वाजवणाऱ्यालाच सुचतात. मागे तानपुरा चालू असला की सूर मोजणारा प्रोग्रॅम बावचळतो आणि भलत्याच सप्तकात उडी मारतो, म्हणून तानपुरा कानात आणि आवाज माइकमध्ये असं वेगळं करावं लागतं. कानातलं ब्लूटूथचं असलं तर आवाज इतका उशिरा पोचतो की टाळी अचूक देणारं मूलही "मागे पडलं" म्हणून गुण गमावतं. तालाच्या अभ्यासाला वायरचाच हेडफोन हवा, नाहीतर आधी तो उशीर मोजून वजा करायची सोय हवी. व्हिडिओ कॉलवर शिकवताना तानपुरा अधूनमधून नाहीसा का होतो, हे अनेक गुरूंना आजही कोडं आहे. एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून सॉफ्टवेअर तो कापून टाकतं. सेटिंगमध्ये मूळ आवाज तसाच ठेवण्याचा पर्याय असतो, तो लावायचा. स्वरलिपीचंच घ्या. भातखंडे पद्धतीत मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकाचा बिंदू स्वराखाली, पलुस्कर पद्धतीत वर. शनिवारी एक पद्धत शिकलेलं मूल रविवारी तुमच्या अ‍ॅपमध्ये दुसरी बघेल आणि अख्खी बंदिश चुकीच्या सप्तकात वाचेल. दोन्ही पद्धती ठेवा.

शास्त्र शिकवण्यात काय अर्थ, असं तुम्ही विचारलंत. तुमची व्यथा मला कळते. दहावीला जादा गुण मिळतात म्हणून आलेली मुलं, "राग भूप, थाट कल्याण, जाती औडव-औडव" हे पाढ्यासारखं म्हणतात आणि समोर भूप चालू असेल तर ओळखत नाहीत. कागदावर झपतालाची दुगुन (दुप्पट लय) चौकटीत मांडतात, हातावर धरता येत नाही. पण हा दोष शास्त्राचा नाही, क्रम उलटा झाल्याचा आहे. आपण आधी नाव देतो, मग वस्तू दाखवतो, कधी कधी दाखवायची राहूनच जाते. तुम्ही बनवलेले अभ्यास हाच क्रम सुलटा करू शकतात. मुलाला भूपाची एक ओळ ऐकवा, मग देशकाराची. विचारा, दोन्ही एकाच घरातल्या वाटतात की वेगळ्या? नावं सांगूच नका. वीसेक जोड्या ऐकल्या की मूल आपणहून म्हणेल, "याच्यात तो वरचा सूर सारखा येतो." त्या दिवशी त्याला वादी हा शब्द द्या. मग तो कधीच विसरणार नाही. वीस जोड्या वर्गात प्रत्येकाला वेगळ्या, त्याच्या चालीने ऐकवणं एका शिक्षकाला जमत नाही. यंत्राला जमतं. तुमच्या शास्त्राला आणि संगणकाला एकमेकांची गरज इथे आहे, आणि दोन्ही जाणणारी माणसं पुण्यातसुद्धा हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

आता जरा अवघड बोलते. राग मानू नका.

तुमचं पत्र चार पानी आहे. नोकरी केली तर वादक म्हणून संपेन, ही भीती त्यात तीनदा आली आहे. पण 'रियाज' हा शब्द एकदाही नाही. मी मुद्दाम पुन्हा शोधला. अकरा तासिका, शनिवार-रविवारचे वर्ग, साथ, आणि रात्री प्रोग्रॅमिंग. यात तुम्ही एकटे, समोर विद्यार्थी नाही, गायक नाही, पेटी घेऊन शेवटचे कधी बसलात? नोकरीने तुमच्यातला वादक जाईल असं तुम्ही म्हणता. मला शंका आहे की तो आत्ताच, या तुकड्या-तुकड्यांच्या दिवसात, उपाशी आहे. तसं असेल तर नोकरी नाकारून त्याला जेवण मिळणार नाही. उलट ठरलेल्या वेळेची नोकरी असली तर सकाळचा दीड तास कायमचा आखून घेता येईल, बाणेरला निघण्याआधी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. हा दीड तास नोकरीच्या कराराइतकाच पक्का माना. तो टिकला तर तुम्ही वादक राहाल, मग व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो.

साथीचं मात्र वेगळं आहे. साथीदाराला लोक लवकर विसरतात. दोनदा "जमणार नाही" म्हटलं की तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याला जातो. म्हणून महिन्याकाठी किती संध्याकाळी मोकळ्या लागतील ते आजच ठरवा आणि कंपनीला आधी सांगा. डिसेंबर-जानेवारीत, सवाई गंधर्व महोत्सवाच्या आगेमागे, पुण्यात कार्यक्रमांची गर्दी असते. त्या दिवसांत रजा लागेल हेही सांगून ठेवा.

पर्यायांबद्दल माझं मत असं. पूर्ण वेळेऐवजी आठवड्याचे चार दिवस मागा. पगार त्या प्रमाणात घटला तरी आजच्या दुपटीच्या आसपास राहील. नाहीच म्हणाले तर एक वर्ष पूर्ण वेळ करा, पण वर्षअखेरीला फेरविचार होईल हे लिहून घ्या. शनिवारचा वर्ग सोडू नका. बनवलेला प्रत्येक अभ्यास आधी त्या मुलांसमोर ठेवायचा, कपाळाला आठी कुठे पडते ते बघायचं. ती आठी कंपनीच्या कुठल्याही आलेखात दिसणार नाही. काही सोडायचंच असेल तर तासिका सोडा. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि त्या कामाला पुढे जायला वाटही नाही. कायम प्राध्यापकीची इच्छा मनात असेल तर सेटची परीक्षा देऊन टाका. महाराष्ट्र-गोव्याची सेट आपलं पुणे विद्यापीठच घेतं. एकदा पास झालात की ती पात्रता शिळी होत नाही, नोकरी करता करता खिशात राहते.

पगाराबद्दल वचन दिलं होतं. अडीचपट पगार बघून मोठ्या घराचा हप्ता बांधून घेऊ नका, निदान दोन वर्षं तरी. टाळेबंदीत फुगलेल्या अशा कितीतरी कंपन्यांनी पुढे माणसं कमी केली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. वाढलेल्या पैशातून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला "हा हिरवा दिवा चुकीचा आहे" असं ठामपणे म्हणता येत नाही.

आणि करार. इथे मी पोळलेली आहे म्हणून जरा जास्त बोलते. पंधराएक वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी शास्त्राचे २४ पाठ ध्वनिमुद्रित केले. मानधन मिळालं, सत्कारही झाला. पुढे काही वर्षांनी एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तुमचा आवाज आमच्या सूनबाईंच्या फोनमध्ये आहे, पण नाव कुणाचंच नाही." संस्थेने ते पाठ दुसरीकडे देऊन टाकले होते. तक्रार करायला गेले तर मीच सही केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मी तो न वाचता सही केली होती, कारण समोरची माणसं ओळखीची होती. पैशाचं मला फार वाटलं नाही. माझं नाव गेलं, आणि त्या पाठांत दोन ठिकाणी मला दुरुस्ती करायची होती ती कधीच करता आली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं ठरतं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून नोकरीआधी बनवलेले तुमचे अभ्यास कोणते, याची तारखांसकट यादी कराराला जोडा आणि ते तुमचेच राहतील असं लिहून घ्या. कंपनी ते वापरणार असेल तर परवानगी वेगळी, मोबदला वेगळा. प्रत्येक पाठावर तुमचं नाव येईल हे लिहून घ्या. तुमच्या पेटीचं किंवा आवाजाचं ध्वनिमुद्रण संगणकाला शिकवण्यासाठी, त्याच्याकडून तसंच वाजवून घेण्यासाठी वापरायचं असेल तर दर वेळी नव्याने विचारायला हवं, हेही. आणि नोकरी सोडल्यावर घरी शिकवायला मनाई करणारं कलम आहे का, ते डोळ्यांत तेल घालून बघा. थोडे पैसे देऊन वकिलाकडून मसुदा वाचून घेतलात तर ते या वर्षातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे असतील. याच महिन्यात एका कथक शिकवणाऱ्या ताईंचं आणि एका तबलजींचं जवळपास असंच पत्र आलं आहे. हा परिच्छेद त्यांनीही आपला समजावा. कथकचे तोडे आणि तबल्यातले कायदेसुद्धा कुणीतरी रचलेले असतात.

त्यावरून गुरुजी.

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही नकार असा घेतलात. असेलही. पण मला वाटतं, त्यांनी तुम्हाला दिलेल्या बंदिशी आणि गती त्या अ‍ॅपमध्ये जाणार का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल आणि तो विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल. त्यातल्या काही रचना त्यांच्या स्वतःच्या आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. त्या त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही जाता कामा नयेत, कायद्यानेही आणि माणुसकीनेही. हे तुम्ही स्वतः जाऊन, त्यांनी न विचारता सांगायला हवं. कदाचित त्यांना अशीही भीती असेल की यंत्र आलं की गुरू कशाला. भीमसेनजींची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा नक्की जास्त माहीत असणार. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि अकराव्या वर्षी त्या पोराने गदगचं घर सोडलं. तबकडी हे त्या काळातलं यंत्रच. पण ती ऐकून पोरगा तबकडीपाशी बसून राहिला नाही. गुरू शोधत देशभर वणवण फिरला, आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दाराशी जाऊन पोचला. तुमच्या अ‍ॅपवर भूप ऐकलेल्या शंभरातल्या दोन मुलांनी आईला "मला शिकायला पाठव" म्हटलं, तर ती कुणाच्या तरी गुरुजींकडेच येणार आहेत.

म्हणून करारावर सही करण्याआधी त्यांच्याकडे जा. सकाळी जा, त्यांच्या रियाजाच्या वेळेला. आधी वाजवा. किती महिन्यांत वाजवलं नाही ते त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळेल, ते ऐकून घ्या. मग त्यांच्या रचनांबद्दलचं बोला. फोन पिशवीत असू द्या. त्यांनी "काय बनवलंयस ते दाखव तरी" म्हटलं, तर काढा, आणि भूप-देशकाराच्या वीस जोड्या त्यांच्याच हातात द्या. कुठल्या जोडीला ते मान हलवतात आणि कुठे "हे काढून टाक" म्हणतात, ते वहीत लिहून घ्या.